शेजारच्या काकांचा लाँग मार्च

चीनमध्ये क्रांती झाली ती केवळ आमच्या शेजारच्या काकांना रविवारी दुपारी बोलायला विषय मिळावा म्हणून, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात घर घेतलं, तेव्हा आजूबाजूला पाईनची झाडं, तंबाखूची शेतं आणि काका, एवढंच होतं. काका मूळचे नागपूरचे, इथे औषधांच्या कंपनीत केमिस्ट. बासष्ट साली कॉलेजात असताना त्यांनी चीनच्या निषेधाच्या मोर्चात घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. मग शत्रूची पुरती माहिती हवी म्हणून त्यांनी चीनच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक आणलं, आणि शत्रू राहिला बाजूला, काकाच त्या पुस्तकात कायमचे अडकले. पण म्हणून त्यांना कुणी कम्युनिस्ट समजू नये. शेजारच्या कुत्र्याने त्यांच्या लॉनवर पाय ठेवला, तर ते खाजगी मालमत्तेच्या पावित्र्यावर असं काही बोलत की कुत्र्याचा मालकच शेपूट घालून घरी जाई.

त्यांच्याकडे जेवायला जाणं म्हणजे युद्धभूमीवर जाणं. टेबलाच्या मधोमध लसणाची चटणी, ती कम्युनिस्टांची लाल सेना. भोवती वरण, भाजी, कोशिंबीर यांची पातेली, त्या सरकारी फौजा. काका एकेक पातेलं पुढे सरकवून चटणीला वेढा घालत, डोंगर, नद्या, दलदली समजावून सांगत, आणि आम्ही कोरडा भात चिवडत बसत असू. "आधी तुमचा वेढा उठवा बघू," काकू म्हणत, "पाहुण्यांना वरण वाढायचंय मला." मग लाल सेना वेढा फोडून निसटे. वर्षभराची ती प्रसिद्ध पायपीट, लाँग मार्च, फ्रीजला वळसा घालून पार पडे, सैनिक कातडी पट्टे उकडून खात, आणि शेवटी एकोणीसशे एकोणपन्नास साली पेकिंगमध्ये नव्या राज्याची घोषणा होई. ती घोषणा काका उभं राहून करत. आणि तिथे थांबत. पुढचं काही, म्हणजे तो भयंकर दुष्काळ किंवा शिक्षकांची धिंड काढणारी पोरं, यांच्याबद्दल कुणी विचारलं, तर ते स्वयंपाकघराकडे बघून म्हणत, "अगं, चहा टाक."

एका चर्चच्या तळघरात आमच्या मराठी मंडळाची रविवारची शाळा भरे. तिथे काका शिकवत. स्वतःला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे गावातली सगळीच पोरं त्यांना आपली वाटत. बाराखडीला पोरं जांभया देतात असं दिसल्यावर त्यांनी सरळ लाँग मार्च काढला. आमची मुग्धा तेव्हा सात वर्षांची. घरी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. ती पोरं डोंगर, पूल, पूर, उपाशी हे शब्द चीनच्या वाटेने शिकली. "काका, डिड दे हॅव स्नॅक्स?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "मराठीत विचार, मग सांगतो." पोरगं बराच वेळ झगडलं आणि म्हणालं, "त्यांना खाऊ होता?" त्या दिवशी काका घरी आले ते छाती फुगवूनच.

आणि ती शाळा मंडळाने बंद केली. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे शेजारच्या रॅले शहरातले एक हृदयाचे डॉक्टर. मंडळ स्थापन झाल्यापासून तेच अध्यक्ष होते. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याशिवाय कुणाला काही सुचू शकतं, ही शक्यता त्यांना कधी शिवली नव्हती. "मुलं नाहीतरी इंग्लिशच बोलणार. शाळा कॅन्सल करू आणि दिवाळीला हॉटेलात ग्रँड बँक्वेट करू," ते म्हणाले, आणि रॅलेच्या मंडळींनी माना डोलावल्या. काका दोन दिवस ते जाडजूड पुस्तक पुन्हा उघडून बसले. तिसऱ्या दिवशी कुंपणापाशी येऊन मला म्हणाले, "शहर त्यांच्या ताब्यात आहे. आपण खेड्यांत जायचं. गाडीत पेट्रोल भरून ठेवा."

मग सुरू झाला आमचा लाँग मार्च. त्या काळी आडगावांतून एकेक मराठी घर विखुरलेलं होतं. कुठे कापडगिरणीतला इंजिनिअर, कुठे एकुलत्या एका दवाखान्यातली डॉक्टरीणबाई. सगळे मंडळाचे सभासद, पण वार्षिक सभेला कधी कुणी येत नसे. शनिवार उजाडला की काकांच्या जुन्या स्टेशन वॅगनमधून आम्ही निघायचो. शिस्त कडक होती. लाल सेना जनतेकडून सुईदोराही घेत नसे, तेव्हा आपणही कुणाकडे काही खायचं नाही, असं काकांनी बजावलं होतं. पहिल्या घरी श्रीखंड नाकारलं, यजमानीणबाई हिरमुसल्या. दुसऱ्या घरी साजूक तुपातला शिरा समोर आला. काकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "नियम सुईदोऱ्याचा आहे. शिऱ्याबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही." त्यानंतर आमच्या सेनेचं वजन वाढतच गेलं. एकदा त्यांच्या शॉर्टकटने आम्ही थेट साऊथ कॅरोलायनात शिरलो. मी नकाशा दाखवला तर म्हणाले, "त्यांचा रस्ता काय सरळ होता?" डॉक्टरांचा फोन आला की काका बाथरूममध्ये जाऊन बसत, कारण शत्रू पुढे सरकला की आपण मागे हटायचं असतं. पण प्रत्येक घरी ते एकच गोष्ट विचारत, "तुमच्या मुलांनी आजीशी कुठल्या भाषेत बोलावं असं तुम्हाला वाटतं?" एवढं विचारलं की घरातली माणसं आपल्या पोरांकडे बघत. आणि निरोप घेताना म्हणत, "सभेला येतो काका. प्रॉमिस."

आणि आले की हो सगळे! सभेच्या दिवशी त्या चर्चच्या पार्किंगमध्ये चारी दिशांनी गाड्या शिरू लागल्या. डब्यांसकट, लेकराबाळांसकट, कुणी तीन तास ड्राइव्ह करून. ही गर्दी बँक्वेटच्या उत्साहाने जमली आहे असं समजून डॉक्टरसाहेब दारात उभे राहून हात जोडून स्वागत करत होते. मतदानाला हात वर झाले तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. शाळा परत आली, आणि काका अध्यक्ष झाले! पोरं बाकांवर नाचत होती, काकू डोळे पुसत होत्या, आणि मला तर इतका आनंद झाला की मी एका अनोळखी कापडगिरणीवाल्याला मिठी मारली. काका एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढले. एवढ्यात मागून कुणी उत्साही तरुण ओरडला, "काका, आता डॉक्टरांना पुढे बोलवा यार! सगळ्यांसमोर माफी मागू दे!" टाळ्या पडल्या. काका मात्र खुर्चीवरून खाली उतरले, डॉक्टरांपाशी गेले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे. मोठ्या मुलांचा वर्ग तुम्ही घ्याल का?" मग तिथल्या तिथे त्यांनी ठराव मांडला, की यापुढे कुणीही दोन वर्षांपेक्षा जास्त अध्यक्ष राहायचं नाही. डॉक्टर उभे राहिले आणि त्यांनीच अनुमोदन दिलं. एवढा देखणा विजय मी दुसरा पाहिला नाही. दोन वर्षांनी काका खरोखरच पायउतार झाले, आणि शाळा वाढतच गेली.

एकोणनव्वदच्या जूनमधल्या एका दुपारी मी आणि मुग्धा काकांकडे गेलो होतो. ती आता बारा वर्षांची होती. टीव्हीवर पेकिंगचा तो मोठा चौक दाखवत होते. विद्यार्थी पळत होते, रस्त्यावर रणगाडे होते. काका खुर्चीच्या कडेवर बसले होते, आणि आम्ही आलेलो त्यांना कळलंही नसावं. मुग्धाने थोडा वेळ पाहिलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "काका, डोंगर ओलांडून गेली होती ती हीच सेना का?"

"हो बाळा," काका म्हणाले. "हीच."

मग त्यांनी टीव्ही बंद केला, तिला शेजारी बसवलं आणि एकोणपन्नास सालानंतरचं सगळं सांगितलं. तो दुष्काळ, ती माणसं, ते शिक्षक, काही न गाळता, हळू आवाजात. मधेच मुग्धाने त्यांचा हात धरला, पण एकदाही "हाउ डू यू से" असं म्हणाली नाही. तिला शब्दन् शब्द कळत होता. त्या शाळेसाठी मी गावोगाव हिंडलो होतो, तरी आपल्या मुलीला इतकं मराठी यायला नको होतं, असं त्या दुपारी पहिल्यांदाच मला वाटून गेलं.