अक्काच्या हॉटेलामागची खोली

देवगाव फाट्यावरची अक्का चहाचा ग्लास हातात द्यायच्या आधी स्वतःच्या ब्लाऊजची बटणं काढायची. सगळ्यांसमोर नाही. हॉटेलामागच्या पत्र्याच्या खोलीत, आणि तेही ठरावीक बायकांसमोर. हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, "शी गं बाई" म्हणून तोंड फिरवून बसल्या. बसू द्या. अक्काची उजवी छाती कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काढलेली होती. त्याच ऑपरेशनला संभाजीनगरला निघालेली बाई दिसली की अक्का तिचं मनगट धरून तिला त्या खोलीत न्यायची आणि दाखवायची. कोणी मागितलेलं नसायचं. पुष्कळजणींना तर नकोच असायचं.

हॉटेल म्हणायचं म्हणून हॉटेल. चार बाकडी, एक भट्टी, भज्यांची कढई आणि कढईपाशी तिचा मोठा मुलगा सुदाम. जिंतूरकडून येणाऱ्या एसट्या तिथं दहा मिनिटं थांबतात. पुरुष उतरतात, बायका बसून राहतात. अक्का त्या दहा मिनिटांत खिडक्यांखालून एक चक्कर मारायची आणि आतल्या बायका बघून घ्यायची. तुम्ही ओळखता कसं, असं मी तिला पुढं एकदा विचारलं. ती म्हणाली, "पाय दुखणारी बाई पिशवी पायाशी टाकती. पोट दुखणारी मांडीवर घेती. आपलं दुखणं आसलेली पिशवी छातीला धरती, आन कुणाचा धक्का लागंल का म्हणून बघत बसती."

मीही तशीच बसले होते. बोरीला आमचं बी-बियाणं, खतांचं दुकान आहे. हे शेतकऱ्यांशी बोलतात, मी गल्ल्यावर बसते. डाव्या बाजूला गाठ लागली तेव्हा हरभऱ्याएवढी होती. सोयाबीनची पेरणी उरकू द्या, मग बघू, असं करता करता ती सुपारीएवढी झाली. तपासणीचा कागद पुढं ठेवून डॉक्टर बोलत होते तेव्हा मला काही म्हणजे काही वाटलं नाही. तुरीवरच्या अळीचं औषध संपत आलंय, मागवायला पाहिजे, एवढंच मनात आलं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "ताई, समजलं का?" मी म्हटलं, "समजलं." ह्यांनी मात्र तिथंच रुमाल काढला. मला त्यांचा रागच आला.

ऑपरेशनची तारीख घ्यायला आम्ही निघालो त्या दिवशी मी मनातून ठरवलं होतं की ऑपरेशन करायचं नाही. ह्यांना सांगितलं नव्हतं. तिथं गेल्यावर सही करायची नाही, एवढं पक्कं होतं. मरणाची भीती म्हणाल तर तीही नव्हती. कापल्यावर जे उरेल ते मला बघायचं नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर पेनानं एक गोल काढून त्यावर रेघ मारून दाखवली होती. त्या रेघेनं माझी झोप उडवली होती.

फाट्यावर हे चहाला उतरले आणि माझ्या खिडकीवर टकटक झाली. खाली एक ठेंगणी बाई उभी. कोपरापर्यंत बेसन लागलेलं.

"खाली उतर."

"मला चहा नको."

"चहा कोण द्यायलंय तुला? उतर म्हणते ना."

मी ऐकून घेणाऱ्यातली नाही. दुकानात गिऱ्हाइकानं आवाज चढवला तर मी दुप्पट चढवते. पण त्या दिवसांत भांडायलाही माझ्यात कोणी शिल्लक नव्हतं. उतरले. तिनं खोलीत नेलं, आतून कडी लावली. बेसनाचं पोतं, कांदे, गॅसच्या दोन टाक्या. तिनं पदर टाकला, बटणं काढली. मी टाक्यांकडं बघत उभी.

"तिकडं काय बघायलीस? इकडं बघ."

बघितलं. उजवीकडं सपाट होतं. काखेपासून मधल्या हाडापर्यंत एक तिरकी रेघ, खताच्या पोत्याचं तोंड दाभणानं शिवतात तशी जाड टाक्यांची. आणि त्या सगळ्यावर घामोळं आलेलं. मला त्या घामोळ्याचंच नवल वाटलं. तिथंही घामोळं येतं!

"नीट बघून घे," ती म्हणाली. "येवढंच हाय. ह्याच्यापरीस वंगाळ काई आसंल आसं डोक्यात आणू नको."

बाहेर कंडक्टरनं घंटी मारली. तिनं बटणं लावली, कडी काढली आणि जाता जाता दम दिला, "तारीख घेऊनच ये. परतीच्या गाडीला मी विचारणार हाय."

लोक मला म्हणतात, किती धीराची बाई. कसला धीर घेऊन बसलात! संध्याकाळी ती बेसनाचे हात घेऊन खिडकीखाली उभी राहील आणि तिला काय तोंड दाखवायचं, ह्या वैतागानं मी सही केली. परतीला ती उभी होतीच.

"घेतली?"

"घेतली."

"शाणी हायस," म्हणाली आणि कागदात बांधलेली गरम भजी खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली.

ऑपरेशनच्या आधी तपासण्यांसाठी दोन खेपा झाल्या. दोन्ही वेळा अक्कानं खिडकीखाली उभं राहून शिकवणी घेतली. "म्होरून बटणं आसलेले दोन गाऊन शिव. हात वर होत न्हाई, डोक्यातून काईबी घालता येत न्हाई." "न्हाऊन जा. मग लय दिवस केस धुयाला जमत न्हाई, आन येणी कोण घालणार ते आत्ताच ठरव." "साचलेलं पाणी जायला काखेतून नळी काढतेत, तिच्या बाटलीला एक कापडी पिशवी शिव, गळ्यात अडकवायची. न्हाईतर बाटली हातात धरून फिरशील, जशी काय परसाकडंच निघालीस." हे शेवटचं ती एवढ्या मोठ्यानं बोलली की मागच्या सीटवरचा म्हातारा हसला. मी हसले नाही. पण पिशवी शिवली, आणि ती वॉर्डातल्या दोघींनी मागून नेली.

नवऱ्यांचीही ती वेगळी शाळा घ्यायची. ह्यांना भट्टीपाशी बोलावून म्हणाली, "दादा, घरी आल्यावर तिच्यासमोर तोंड वाकडं केलंस तर ह्या फाट्यावर तुला उतरू देणार न्हाई." हे बिचारे "नाही, नाही अक्का" म्हणत उभे. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "ही बाई कोण आहे गं?" मला तरी कुठं ठाऊक होतं?

तिची हकीकत पुढं तुकड्यातुकड्यानं कळली. तुम्हाला ऑपरेशनआधी कोणी दाखवलं होतं का, असं मी विचारलं होतं. "मला कोण दाखवंल? मला वाटलं, भोक पडतंय. आरपार. आठ दिवस अन्न गेलं न्हाई, म्हणलं पाणी पिलं तर तिथून गळंल का काय." हे सांगताना ती स्वतःच हसत सुटली. मग भजी उलटत, कुणा तिसऱ्याबद्दल बोलावं तशी म्हणाली, "मालकानं माझ्याकडं येकदा बघितलं. मग मरंस्तोवर बघितलं न्हाई. आकरा वर्सं. मानूस वाईट नव्हता."

ऑपरेशन झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही. झोपवलं, उठवलं, डावीकडं जड पट्टी होती. मी रडले नाही म्हणून सिस्टरनं कौतुक केलं. घरी आल्यावर ड्रेसिंगला कंपाउंडर यायचा तेव्हा मी मान उजवीकडं वळवायची. आमच्या त्या भिंतीचा रंग कुठं कुठं उडालाय ते मी आजही डोळे मिटून सांगीन. त्याच भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम करायची. हात रोज थोडा वर जायचा. मी आहे तिथंच होते. आंघोळीला नदीवर बायका बांधतात तसा परकर छातीवर बांधून न्हाणीत बसायची आणि ओल्या परकरावरच कोरडा चढवायची. ह्यांनी एकदा हळूच विचारलं, "मी बघू का?" मी म्हटलं, "काय बघायचंय त्यात? दुकान बघा." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी गल्ल्यावर बसायला लागले. ब्लाऊजमध्ये डावीकडं घडी घातलेला नॅपकिन. फवारणीचं औषध मागायला आलेला माणूस आधी माझ्या पदराकडं बघायचा, मग भाव विचारायचा. मला त्याचंही काही वाटत नव्हतं. कोणी सांगितलं असतं की बाई, तुमचं घर जळायलंय, तर बरं म्हणून मी उरलेली चिल्लर मोजून दिली असती.

मग केमोच्या खेपा. दर एकवीस दिवसांनी तीच गाडी, तोच फाटा. अक्का काळा चहा लिंबू पिळून द्यायची, मी ओकून येईपर्यंत कंडक्टरला थांबवून धरायची. तो घड्याळ दाखवायला लागला की म्हणायची, "तुझी माय आसती तर?" आणि तो घंटीची दोरी सोडायचा. त्या खेपांत माझ्या एक लक्षात आलं. जाताना अक्कानं खोलीत नेलेल्या बायका येताना तिच्याकडं बघत नसत. पदर घट्ट ओढून पलीकडच्या खिडकीतून शेतं बघत बसायच्या. मला त्यांची चीड यायची. आणि चौथ्या खेपेला मी स्वतःच गाडी फाट्यावर लागायच्या आधी डोळे मिटून घेतले. डोक्यावर केस नव्हते, तोंडाची चव गेली होती, आणि "कशी हायस?" ह्याला उत्तर द्यायचा कंटाळा आला होता. काचेवर एकदा टकटक झाली. मग अक्काचा आवाज आला, "झोपू द्या तिला." त्या सोंगाची मला आजही लाज वाटते.

वर्ष उलटलं. आता मी तपासणीला एकटी जाऊ लागले होते. अशाच एका खेपेला फाट्यावर अक्का दिसली नाही. सुदाम एकटाच चहाही ओतत होता आणि भजीही तळत होता. मी खिडकीतून विचारलं. तो झाऱ्यावरची नजर न काढता म्हणाला, "मणक्यात उतरलंय. इलाज न्हाई म्हणले. मागं खोलीतच हाय, घरी न्या म्हणलं तर जायना." मी पिशवी घेऊन उतरले आणि गाडी जाऊ दिली. अक्का गेली त्याच्या तीन आठवडे आधीची ही गोष्ट.

पोतं आणि टाक्या बाहेर काढून तिथं बाज टाकली होती. अक्का एवढीशी झाली होती. मला बघून म्हणाली, "गाडी सोडलीस? येडी का काय? आता दुसरी येस्तोवर लय टाइम हाय." मी बाजेच्या कडेला बसले. बाहेर परतीची एक गाडी आली, थांबली, गेली. ती घंटी ऐकत होती.

"आज तुझ्या गाडीत कुणी हुतं का?" तिनं विचारलं. मला कळलं ती कोणाबद्दल विचारतेय. मी म्हटलं, दिसलं नाही कोणी.

"किती जणींना दाखवलं आसंल," ती म्हणाली. "येकीनंबी परत येऊन आपलं न्हाई दाखवलं. कसं शिवलं, कसं भरलं, मला काईच ठावं न्हाई. गाडीतून खालीच उतरत न्हाईत." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मग म्हणाली, "तुझं बघू दे."

"अक्का, माझं मी अजून बघितलं नाही."

"न्हाई का? मग आधी मी बघते."

मी उठून कडी लावली. मी काही तिच्यासारखी झटपट नाही. पदराची पिन काढायला वेळ लागला, बटणांना त्याहून जास्त. नॅपकिन काढला आणि कुठं ठेवावा ते कळेना म्हणून हातातच धरला. तिनं उशाखालून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि मला जवळ ओढलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटत होतं, आणि ती नुसती भीती होती. मी नजर समोरच्या पत्र्यावर लावून ठेवली.

"माझ्याच्यापरीस लय चांगलं शिवलंय गं," अक्का म्हणाली. त्यात थोडा हेवा होता, शपथेवर सांगते.

मी थोडा वेळ वाट बघितली.

"झालं का बघून?"

"थांब की. हात लावायलेय."

ऑपरेशनपासून तिथली कातडी बधिर आहे. तिचं बोट माझ्या अंगावरून फिरत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ते कुठून निघालं, कुठवर आलं, हे समजायला दुसरा काही मार्गच नव्हता. मी मान खाली घातली आणि बघितलं.