आलोच

घरातून निघताना फरशीवाला कधी 'जातो' म्हणायचा नाही. कोण म्हणतं? चपला पायात सरकवल्या, थापी पिशवीत टाकली, की "आलोच" म्हणत जिना उतरायचा तो थेट दिवेलागणीला उगवायचा.

आणि त्याची धाकटी बहीण दारात उभी राहायची. पस्तिशीची बाई. बसायची नाही, जेवायची नाही. एका हाताची बोटं दुसऱ्या तळव्यावर वाजवत जिन्याकडे बघत राहायची. आई गेल्यावर ती भावाकडे आली, तेव्हापासून हे सुरू होतं. लहानपणी डॉक्टरांनी तिला स्वमग्न म्हटलं होतं. फरशीवाल्याने त्याचा अर्थ आपल्यापुरता लावला होता : आपल्यातच असते, आपलं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नाही.

बायकोचा जीव मेटाकुटीला आला.

"अहो, वन्संचे पाय बघा. सुजून खांब झालेत. ओढून बसवलं तर किंचाळतात. शेजारीण विचारते, कुणाची वाट बघतात या?"

"तिला म्हणावं, तू तुझ्या नवऱ्याची बघ."

"थट्टा पुरे. सोमवारी ती संस्था बघून येऊ. तिथे सांभाळायला माणसं आहेत. मी एकटी थकले."

तो अर्ध्या ताटावरून उठला. सकाळी चपला घालताना तो बहिणीवर खेकसला, "रोज का उभी राहतेस गं? घरात बसायला जागा नाही?"

ती त्याच्या चपलांकडे बघत होती. "तू आलोच म्हणतोस."

"मग?"

"मग येत नाहीस."

"अगं, ते नुसतं म्हणायचं असतं!"

"म्हणायचं असतं," ती म्हणाली, "आणि यायचं नसतं?"

दिवसभर ते डोक्यात घुमत राहिलं. थापीच्या मुठीने तो प्रत्येक फरशी ठोकून बघायचा. पोकळ वाजली की उखडायची, सिमेंटचा माल भरून परत बसवायची. जन्मभर त्यात कधी आळस केला नाही. आज एकच फरशी तीनदा उखडली.

"फरशीशी भांडण काढलंस का रे?" मुकादम म्हणाला.

ती ऐकत नाही, असं तो इतकी वर्षं समजत आला होता. ती तर प्रत्येक शब्द धरून उभी होती.

दुसऱ्या सकाळी त्याने घसा खाकरला. "जातो."

"अहो, असलं तोंडातून काढू नका!" बायको आतून ओरडली.

"कामाला जातो. कोपऱ्यावरचा दिवा लागला की येतो. तोवर बस. जेव."

"दिवा लागला की," बहीण म्हणाली. पण उभीच राहिली.

तो निघाला, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. बसली असेल का? ऊन कलायला लागलं तसा त्याने हात आवरता घेतला. कालवलेला माल संपवला, नवा कालवला नाही.

"दोन ओळी राहिल्यात," मुकादमाने अडवलं. "तू अर्धवट सोडणारा नव्हेस."

"नाहीच. म्हणून तर निघालो."

बस भरून गेली. दुसरीही. तो चालत सुटला, मग पळतच. जिना चढून वर आला तर दारात कुणी नाही. तो चपलांसकट आत शिरला.

बहीण आत खिडकीशी बसली होती. ताट धुऊन पालथं घातलेलं. बायकोने तोंडावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "आपणहून बसल्या. जेवल्या."

बहिणीने आधी खिडकीबाहेर बघितलं, मग त्याच्याकडे. "दिवा लागला नाही."

"अगं, तुझ्यासाठी धापा टाकत आलो..."

"दिवा लागला नाही, दादा."

बायकोला हसू आवरेना. "आता म्हणा की, ते नुसतं म्हणायचं असतं!"

तो बाहेर जाऊन दारात उभा राहिला. पिशवी खांद्याला तशीच. पोटऱ्या भरून आल्या. एका पायावरून दुसऱ्यावर झालं. शेजारीण डोकावली. "घराबाहेर काढलं वाटतं?"

"वाट बघतोय."

मेला दिवा काही लागेना. त्याची बोटं आपोआप तळव्यावर वाजू लागली.

"अहो," आतून बायको म्हणाली, "सोमवारी कामावरच जा. पण कधी येणार, ते वन्संना नीट सांगून जा."

कोपऱ्यावर दिवा दोनदा लुकलुकला आणि लागला.

"ये," बहीण म्हणाली.