दुसरी सिस्टीम काढली आणि आवाज बंद पडला

टायपिस्टबाई निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना याच नावानं ओळखत. वकिलांच्या एका कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. साहेबांनी बोलायचं, बाईंनी ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं आणि टाइप करून समोर ठेवायचं. सवय इतकी मुरलेली की कुणी भराभर बोलू लागलं की बाईंचं बोट आपोआप मांडीवर रेघोट्या ओढू लागे.

त्यांचे यजमान औषधाच्या दुकानात काउंटरवर उभे राहत. माणूस महाबोलका. डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक अर्ध्या तासानं घरादाराची खबर सांगून बाहेर पडे, आणि गोळी काउंटरवरच विसरे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनात स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, पण बोलणं कायमचं गेलं.

तेव्हापासून त्यांच्या वतीनं लॅपटॉप बोलत असे. ते दोन बोटांनी टाइप करत आणि आतला प्रोग्रॅम ते भरदार आवाजात वाचून दाखवी. रोज लागणारी चारशेवर वाक्यं त्यांनी त्यात साठवली होती. ‘चहा गार झालाय.’ ‘मी मुका आहे, बहिरा नाही, ओरडू नका.’ ‘हा जोक मी आधी ऐकलाय, पण सांगा.’ एक वाक्य खास मेव्हण्यासाठी राखून ठेवलेलं होतं. ते पाहुण्यांसमोर वाजवायचं नाही, अशी बाईंनी तंबी दिली होती.

लॅपटॉपमध्ये आणखी एक बिऱ्हाड होतं. बाईंची भाची कॉलेजसाठी दोन वर्षं त्यांच्याकडे राहिली होती. अभ्यासाला हवी म्हणून तिनं लॅपटॉप चालवणाऱ्या नेहमीच्या सिस्टीमशेजारी दुसरी सिस्टीम टाकली. लॅपटॉप सुरू केला की आधी विचारी, यातली कुठली हवी? पुढं भाची नोकरीसाठी दुसऱ्या शहरी गेली, सिस्टीम मात्र तिथंच राहिली. एक दिवस बोलणाऱ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घ्यायची वेळ आली, तर स्क्रीनवर आलं: जागा शिल्लक नाही.

यजमान तपासणीसाठी दवाखान्यात गेले होते. बाईंना रिकामं बसवेना. त्यांनी डिस्कचे कप्पे दाखवणारं पान उघडलं. भाचीचा कप्पा चांगला ऐसपैस होता. ‘पोरगी गेली, आता कशाला हवाय?’ असं म्हणत त्यांनी तो पुसून टाकला आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला.

काळी स्क्रीन. वर इंग्रजीत एक ओळ आणि तिच्याखाली लुकलुकणारी रेघ. बाईंनी सगळी बटणं दाबून पाहिली. रेघ लुकलुकतच राहिली.

यजमान घरी आले, टेबलाशी बसले, स्क्रीनकडे पाहिलं आणि बायकोकडे पाहून भुवया उंचावल्या.

“बंद पडलाय,” बाई म्हणाल्या. “जुना झाला ना.”

खोटं बोलायची सवय नसल्यानं हे सांगताना त्या ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडून दोन मिनिटांत निकाल दिला. “सगळं पुसून नव्यानं टाकतो. संध्याकाळी घेऊन जा.”

“आत जे आहे ते?”

“ते जाणार. दुसरीकडे कॉपी ठेवली असेल ना?”

कॉपी कुठंच नव्हती. बाईंनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि चालू लागल्या.

ते दोन दिवस घरात फार जड गेले. यजमान कागदावर लिहीत, पण त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नसे. जन्मभर डॉक्टरांची अक्षरं वाचणारा हा माणूस आता स्वतःची चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून बघत बसे. दुसऱ्या दिवशी शेजारी गप्पा मारायला आले, तर त्यांनी हातानंच ‘नको’ केलं आणि आतल्या खोलीत जाऊन पडून राहिले. बाईंना ते पाहवेना. त्या पलंगाच्या कडेला जाऊन बसल्या.

“अहो, तो जुना झाला नाही. मी बिघडवलाय. भाचीची सिस्टीम काढायला गेले आणि असं झालं. भीती वाटली म्हणून खोटं बोलले.”

यजमानांनी उशाचा कागद ओढला. या वेळी अक्षर स्वच्छ आलं. ‘मला विचारायचं होतंस. तो माझा आवाज होता.’

बाईंनी कागद वाचला. त्या तशाच उठल्या आणि भाचीला फोन लावला.

“मावशी, रडू नकोस आधी,” भाची म्हणाली. “काकांचं काही पुसलं गेलेलं नाही. लॅपटॉप सुरू झाल्या झाल्या एक यादी बघतो, कुठं जायचं त्याची. तू माझी खोली पाडलीस, पण यादीत पहिला पत्ता अजून तिचाच आहे. तो बिचारा तिथं जाऊन दार शोधतोय.”

“मग पत्ता बदलायचा कसा?”

“मी सांगते तसं कर. लिहून घेतेस?”

हे काय विचारणं झालं! बाईंनी जुनी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि मांडी ठोकून बसल्या. भाची भरभर सांगत गेली आणि बाई लघुलिपीत उतरवत गेल्या. मग सगळं अक्षरन् अक्षर परत वाचून दाखवलं. भाची थक्क झाली. “मावशी, आमच्या ऑफिसात असं ऐकणारं एक माणूस नाही गं!”

लॅपटॉप सुरू होताना वरच्या ओळीतलं बटण दाबत राहायचं होतं. तिसऱ्या खेपेला निळं पान आलं. सुरू होण्याच्या क्रमात बाईंनी मूळ सिस्टीम पहिल्या जागी नेली आणि बदल जतन केला. स्क्रीन उजळली. चारशे वाक्यं जागच्या जागी होती. यजमान दारात उभे राहून पाहत होते, पण जवळ आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काळी स्क्रीन! जुना पत्ता आपणहून वर सरकला होता. बाईंनी आधी क्रम पुन्हा बदलून लॅपटॉप सुरू केला आणि सगळी वाक्यं एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. मगच भाचीला फोन केला. आता यादीतली ती नोंद आणि त्या सिस्टीमच्या नावाचा उरलेला फोल्डर, दोन्ही मुळापासून काढायचं होतं.

“तिरकी रेघ उजवीकडे झुकलेली की डावीकडे?” बाई दर ओळीला विचारत.

“डावीकडे. आणि मावशी, हे एकच नाव पुस. शेजारच्याला हात लावू नकोस.”

“एकदा हात पोळलाय गं. पुन्हा वाच, मी मिळवून बघते.”

एवढ्यात यजमान खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले. चष्मा लावून त्यांनी स्क्रीनवरचं नाव बोट ठेवून वहीशी ताडून पाहिलं. औषधाच्या बाटलीवरचं लेबल तपासावं तसंच. मग मान हलवली. बाईंनी बटण दाबलं. त्यानंतर चार वेळा बंद-चालू करून पाहिलं. चारही वेळा लॅपटॉप मुकाट्यानं घरी आला.

तरी शेपूट उरलं होतंच. दुपारची जेवणं उरकल्यावर लॅपटॉप ठणठणीत आवाजात म्हणाला, “सकाळचे नऊ वाजले. गोळी घ्या.” निळ्या पानावर बटणं दाबताना बाईंच्या हातून आतलं घड्याळही हललं होतं, म्हणून वेळ कित्येक तास मागं पडली होती. यजमान खांदे हलवत हसू लागले. ऑपरेशननंतर त्यांचं हसणं असंच, बिनआवाजाचं असे. बाई आधी गोंधळल्या, मग त्याही डोळे पुसत हसल्या. घड्याळ जुळवायला पाच मिनिटं लागली.

रिकामी झालेली जागा काही केल्या जुन्या कप्प्याला जोडली जाईना, कारण मध्ये लॅपटॉपसोबतच आलेला, दुरुस्तीसाठी राखलेला एक छोटा कप्पा येत होता. बाईंनी हट्ट सोडला. त्या जागेचाच वेगळा कप्पा केला, फोटो तिकडे हलवले आणि जुन्या कप्प्यात प्रोग्रॅमला ऐसपैस जागा झाली. मग त्या यजमानांकडे वळल्या.

“यापुढं तुम्हाला विचारल्याशिवाय एका बटणाला हात लावणार नाही.”

यजमान दोन बोटांनी बराच वेळ टाइप करत बसले. लॅपटॉप बोलला, “लाव. पण मी घरात असताना लाव.”

पुढच्या तपासणीला यजमानांनी ही सगळी हकीकत दवाखान्यातल्या वाचा शिकवणाऱ्या बाईंना टाइप करून ऐकवली, पदरचं तिखटमीठ लावून. त्या बाईंकडे आवाज गेलेली आणखी माणसं येत. कुणाचा लॅपटॉप मंद, कुणाचा प्रोग्रॅम अडलेला, आणि दुरुस्तीवाले एकच सांगत, सगळं पुसा. त्यांनी टायपिस्टबाईंना विचारलं, “आठवड्यातून एक सकाळ याल का?”

“मला कुठं येतंय हो? मी नुसती ऐकून लिहिते.”

“तेच तर हवंय.”

आता बुधवारी दोघं मिळून जातात. बाई वही घेऊन समोरच्याची अडचण उतरवून घेतात आणि जिथं अडेल तिथं भाचीला फोन लावतात. कशालाही हात लावण्याआधी मात्र पेनड्राइव्हवर कॉपी काढतात. यजमान नव्या माणसाजवळ बसून त्याची पहिली वाक्यं साठवून देतात. परवा एक निवृत्त गवंडी आला होता, महिनाभर कुणाशी न बोललेला. यजमानांनी त्याच्यापुढं कीबोर्ड सरकवला. त्यानं एकेक अक्षर शोधून पहिलं वाक्य लिहिलं आणि बटण दाबलं.

“बायकोला बोलवा,” लॅपटॉप म्हणाला. “ती बाहेर बाकावर बसलीय.”

टायपिस्टबाई उठल्या आणि तिला आणायला बाहेर गेल्या.