दोन व्याही आणि एक उपग्रह

माझे वडील धुळ्याला, सासरे जळगावला. मध्ये एसटीचा दोन-अडीच तासांचा रस्ता. एवढ्याशा अंतरावरच्या दोन म्हाताऱ्यांना एकमेकांशी बोलायला आकाशातला उपग्रह लागावा, हे ऐकून माझ्या कामावरच्या बायका हसतात. मीही हसते. हसून झालं की मात्र मला त्या दोघांचा राग येतो, आणि तो काढायचा कोणावर ते आता कळत नाही.

दोघांनाही हौशी रेडिओचा नाद. परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरावर अँटेना चढवायची आणि कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांना हाका मारत बसायचं, असा हा नाद. आबा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. जळगावातच मेहरूणला त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. नानांना परीक्षेसाठी आबांनीच तयार केलं, तेही बरंचसं फोनवर. त्यामुळे वयाने दोघे सारखे असूनही नाना त्यांना गुरुजी म्हणत. रोज सकाळी चहाच्या वेळी दोघांची रेडिओवर गाठ ठरलेली. सिग्नल कसा आहे, तिकडे ढग आहेत का, काल कोण कोण भेटलं, एवढंच बोलायचे. पण एखादा दिवस चुकला तर दोन्ही घरांतल्या बायकांना त्यांची चिडचिड सोसावी लागे.

माझं लग्न त्यातूनच जमलं. घरगुती व्यवहार रेडिओवर बोलायचे नाहीत हा नियम दोघे इतका पाळत, की स्थळाचा विषय काढायचा म्हटल्यावर आबांनी रेडिओवर नुसतं 'फोनवर या' म्हटलं आणि सेट बंद केला. नानांना वाटलं, कोणीतरी गेलं. त्यांनी घाबरत घाबरत फोन लावला, तर इकडून मुलगी दाखवायचं निमंत्रण.

तोवर शहरातला रेडिओ बहिरा होत चालला होता. एलईडीचे दिवे, इन्व्हर्टर, सोलरची पॅनेलं, सगळ्यांची खरखर सेटमध्ये शिरायची. मग आबांना उपग्रहांची वाट सापडली. हौशी लोकांसाठी सोडलेले छोटे उपग्रह असतात, दिवसातून काही वेळा ते आपल्यावरून जातात. हातात मावणाऱ्या सेटवरून वर बोलायचं. उपग्रह तेच बोलणं दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर खाली सोडतो आणि त्याच्या टप्प्यातल्या सगळ्यांना ऐकवतो. अशा एका फेरीला पास म्हणतात. पास दहा-बारा मिनिटांचा, फार तर. तेवढ्यात अँटेना हाताने त्याच्या मागे मागे वळवायची, मनगट फिरवून आवाज कुठे स्वच्छ येतो ते शोधायचं, आणि सेटची फ्रिक्वेन्सीही थोडी थोडी खाली आणत राहायची. आबांनी प्लंबिंगच्या पाइपवर स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे बसवून दोन अँटेना केल्या, एक स्वतःला आणि एक नानांना. पाइप नानांनी जळगावहून पाठवला, कारण धुळ्यात मिळणाऱ्या पाइपाला ते पाइप म्हणायलाच तयार नव्हते. परवाना मीही काढला होता, त्यामुळे लग्न ठरलं तेव्हा सासर-माहेर एकाच फ्रिक्वेन्सीवर आहे म्हणून मैत्रिणी मला चिडवायच्या.

आणि मग लग्नातच माशी शिंकली.

लग्न धुळ्याला होतं. नानांची भडगावकडची सगळी भावकी आली होती. कार्यालयाच्या दारात व्याहीभेट ठरलेली: दोन्हीकडचे बाप एकमेकांना हार घालतात, गळाभेट घेतात, मग वऱ्हाड आत. नाना फेटा बांधून, हार हातात धरून उभे. समोर आबा नाहीत. वाजंत्रीवाले तीच ती धून वाजवून थकले. भावकीत कुजबुज सुरू झाली. माझे काका शोधायला धावले, तर आबा गच्चीवर अँटेना घेऊन उभे. पास चालू होता. देशभरच्या ओळखीच्या ऑपरेटरांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की या पासमध्ये सगळ्यांनी नवरा-नवरीला शुभेच्छा द्यायच्या. ते रेकॉर्ड करून मांडवात नानांना ऐकवायचं, नाना खूश होतील, असा बेत. वऱ्हाड वेळेआधी आलं आणि पास काही लवकर संपेना. शेवटी आबा घामाघूम होऊन खाली आले, अँटेना हातातच.

नानांनी हार घातला, पण तोंडातून शब्द काढला नाही. रेकॉर्डिंग ऐकलं नाही. 'चारचौघांत माझं हसं केलं,' एवढं सासूबाईंना म्हणाले आणि विषय मिटला, म्हणजे कायमचा चिघळला. वऱ्हाडात दुसऱ्या कोणाला नाही तरी नानांना समजायला हवं होतं की पास कोणासाठी थांबत नाही. पण डोक्यावर फेटा असला की माणसाला ते समजत नसावं.

पुढची काही वर्षं दोघे बोलले नाहीत. सकाळची गाठ बंद. नाना एकटेच गच्चीवर जायचे. उपग्रहावर आबांचा आवाज आला तर सेट बंद करत नसत, नुसते ऐकत राहत. जिन्यातून मला ते कळायचं. आबा मला फोन करायचे आणि माझी चौकशी निम्म्यात सोडून आमच्या अहिराणीत विचारायचे, "नानानी तब्येत कशी शे?" दोघांच्याही मनातलं मला दिसत होतं, आणि दोघांपैकी एकालाही हलवता येत नव्हतं. बाळंतपणाला मी माहेरी गेले तेव्हासुद्धा मला सोडायला नवरा आला. नाना जळगावच्या घराच्या दारातूनच मागे फिरले.

मला एवढंच हवं होतं, की ही दोन माणसं एकदा बोलावीत. फोनचा उपयोग नव्हता. फोनवर कोणीतरी आधी नंबर लावतो, आणि ज्याने लावला तो नमला. उपग्रहावर तसं नाही, तिथे दोघंही नुसते हजर असतात. मी आबांना सांगितलं, एका पासला गच्चीवर या आणि बोला; नानांनाही तेच सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे दोघांनीही आढेवेढे न घेता हो म्हटलं. उंचावरून जाणारा, कामाच्या वारचा सकाळचा पास मी निवडला, म्हणजे वर गर्दी नको. कोणी आधी बोलायचं हे काही मी ठरवून दिलं नाही. दोन मुरलेल्या ऑपरेटरांना ते काय सांगायचं?

त्या सकाळी जळगावच्या गच्चीवर अँटेना माझ्या दोन्ही हातांत, सेट आणि माइक नानांकडे. अजिंठ्याच्या बाजूने उपग्रह वर आला आणि सेटमधली खरखर एकदम शांत झाली. वरचा ऐकतोय आणि कोणी बोलत नाहीये, याची ती खूण. कुठल्याशा दूरच्या माणसाने एकदा आपली ओळख सांगून हाक दिली. नाना थांबले. ते बरोबरच होतं, दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलायचं नसतं. त्याला कोणी उत्तर दिलं नाही, तो गेला. पुन्हा शांत. नानांचा अंगठा बटणावर होता. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी हातानेच थांब म्हटलं. उपग्रह डोक्यावर आला.

"नाना, बोला ना."

"ते बोलतील आता."

तो सातपुड्याकडे उतरू लागला. माझी मान भरून आली होती.

"नाना."

"थांब जरा. त्यांचा आवाज बारीक येत असेल, ऐकू दे."

मग खरखर परत आली. नानांनी सेट बंद केला आणि ते खाली गेले.

मी तिथूनच धुळ्याला फोन लावला. भांडायच्या तयारीतच होते. "आबा, तुम्ही गच्चीवर गयातच नहीत ना?"

"गऊ ना. बठ्ठा पास उभा व्हतू," आबा म्हणाले. "नाना वनात नहीत का?"

"वनात. त्या तुमनी वाट देखत व्हतात." म्हणजे आले दोघंही होते, सगळा पासभर उभेही होते.

आबा म्हणाले, "मान त्यास्ना शे. पोऱ्याना बाप शेतस त्या. मी पहिले कसा बोलसू?" एकदा मान चुकवून बसले होते, पुन्हा चूक नको म्हणून मुलाकडच्यांनी आधी बोलावं, अशी वाट पाहत राहिले होते.

खाली येऊन नानांना हे सांगितलं. ते खुर्चीवर बसले. "गुरुजींच्या आधी मी तोंड उघडायचं? आधी ऐक, मग बोल, हे त्यांनीच शिकवलंय मला."

मी कपाळावर हात मारून घेतला. रागाने गप्प राहिले असते तर मला समजलं असतं. हे दोघे एकमेकांना मान देत गप्प बसले होते, आणि तो मान एका यंत्राखेरीज कोणापर्यंत पोचला नाही.

पण त्या दिवसापासून दोघांची कळी खुलली. दुसरा आपल्यासाठी गच्चीवर उभा होता, एवढं कळणंच त्यांना पुरलं. मी म्हटलं, उद्या पुन्हा पास आहे. दोघांनीही तो उडवून लावला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, पुरणाच्या पोळ्या होतात. नाना म्हणाले, "यंदा तुला सोडायला मी येतो. काय बोलायचं ते समोरासमोर बोलू." आबांनी ते ऐकून गच्ची झाडून घेतली आणि माझ्या मायला पोळ्यांसाठी चांगले गहू आणायला लावलं. मलाही तेच पटलं. समोरासमोर भेट होत असताना रेडिओचं काय एवढं, असं मलाही त्या वेळी वाटलं. आज वाटतं, उद्याचा पास होता, परवाचा होता, त्याच्या पुढचाही होता.

आखाजीच्या आधीच आबांना झटका आला. दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले.

नाना धुळ्याला दारावर आले, म्हणजे दुखवट्याला भेटायला आले, तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो: माय, मी आणि ते. भिंतीला टेकून बसले. पाणीही घेतलं नाही. माय पदराने डोळे पुसत बोलत होती, कधी आबांच्या जेवणाचं, कधी औषधांचं. बोलता बोलता ती त्या पासच्या सकाळवर आली.

"त्या दिन सकायमाच दाढी करी त्यास्नी," ती म्हणाली. "इस्तरीना सदरा घाला. मी इचारं, रेडिओवर तुमले कोन देखस? तं म्हनेत, याहीसंगे बोलनं शे."

व्याह्यांशी बोलायचंय म्हणून दाढी, हे ऐकून नानांनी मान खाली घातली. चष्मा काढला, पुसला, तसाच हातात धरून ठेवला.

"विहीणबाई," ते म्हणाले, "मीही त्या दिवशी नवं धोतर नेसून गच्चीवर गेलो होतो."

ते खरं होतं. मी शेजारीच उभी होते. मला वाटलं होतं, पास झाल्यावर त्यांना कुठल्यातरी कार्याला जायचं असेल.

माय त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, "मंग दोन्हीजन बोलनात काब्रं नहीत?"

का नाही बोललात, असं ती विचारत होती. उत्तर नानांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. आबांच्या त्या घरात बसून ते तिला सांगायची आमच्यापैकी एकाचीही हिंमत झाली नाही.