धावपट्टीवर भुसा सोडणारे नाना

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे अर्जापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं लिहिणं माझ्याकडे येतं. पण म्हणून एखाद्या माणसावर लिहायचा मला अधिकार आहे, असं नाही. चुकलं तर माफ करा. एवढं मात्र ठामपणे सांगतो, की वारा कळणारा आमच्या नानांसारखा माणूस अख्ख्या धुळे जिल्ह्यात नव्हता.

नाना म्हणजे वडिलांचे मावसभाऊ, धुळ्याबाहेरच्या धावपट्टीवरचे राखणदार. तिथे शिकाऊ मुलं दोन माणसांची छोटी विमानं उडवत. विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरवावं लागतं, म्हणून खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी, दोन्ही तोंडं उघडी असलेली कापडी नळी लावलेली असे. नाना तिला ‘बाही’ म्हणत आणि तिच्यावर अजिबात विश्वास ठेवत नसत. त्यांचा विश्वास सुपावर. खळ्यात उपणतात तसं ते रोज सकाळी तिपाईवर चढून सूपभर भुसा सोडत, डोळे बारीक करून बघत आणि विमान शिकवणाऱ्या साहेबांना जाऊन सांगत, "आज वारा तिरपा शे. पोरेसले सांगा." लग्नाच्या पंगतीतही ते आधी ओलं बोट वर धरत; त्यांच्यापायी अख्खी पंगत उठून दुसरीकडे तोंड करून बसलेली मी पाहिली आहे.

एका आषाढात त्यांच्या ध्यानात आलं, की बाहीचं शेपूट उघडं आहे. फाटलं असणार! त्यांनी ती उतरवून पट्टीशेजारच्या खोलीत अक्कांकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, शिवायला दिली. अक्कांनी शेपूट पक्कं शिवलं, वर ठिगळही लावलं. नेमका तेव्हाच एक मुलगा एकट्यानं विमान घेऊन उतरायला आला. खांब रिकामा आणि वारा पाठीमागून! नाना सूप घेऊन धावले, तिपाईवर चढले आणि भुसा सोडला. पिवळा लोट वाहताना दिसताच मुलानं विमान वर उचललं, वळसा घालून समोरून आणलं. पण टेकता टेकता झोताने एक पंख उचलला, आणि विमान पट्टी सोडून शेजारच्या भुईमुगात नाक खुपसून थांबलं. नाकावरचा पंखा वाकला. मुलगा अंग झटकत बाहेर आला.

"काका, भुसा दिसला म्हणून वाचलो."

"भुसा नही रे, तुले वारा दिसी गया," नाना म्हणाले.

साहेबांनी लेखी जबाब मागितला. नोकरीवर बेतलं होतं. लिहिणारा अर्थात मी. मी भीत भीत विचारलं, "नाना, बाही वाऱ्यानं उडाली असं लिहू?"

"वारावर आळ घेस? कॉलेजात शिकस ना तू? खरं लिख!"

मी खरं लिहिलं. शिवलेलं शेपूट, ठिगळ, सगळं. खाली नानांनी अंगठा उठवला.

पुढे मी शिकायला जळगावला मेहरूणमध्ये खोली घेतली. चार महिन्यांनी वडिलांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं. त्या जबाबापायी नानांना कामावरून काढलं होतं. खाली एवढंच होतं: ‘पोराने मनाला लावून घेऊ नये, असा नानांचा निरोप आहे. आणि ते विचारतात, तिकडे वारा कुठून येतो?’