परीची शिट्टी थांबली तेव्हा

शिट्टी थांबली होती आणि घर खूश होतं. परीच्या आजीने उंबरठ्यावर नारळही फोडला होता.

"गेली माय एकदाची!" ती मला म्हणाली. "मघापासून आवाज नाही, सिस्टर."

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. करडी गावाकडच्या एका टोलीत, म्हणजे छोट्या वस्तीत, लसीकरणाला गेले होते. पाच वर्षांची परी खाटेवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. भर दुपार, आणि घरात इतकी शांतता की अंगणातल्या कोंबडीची पावलं ऐकू येत होती.

परीला दमा होता. दम्यात श्वासनळ्या आवळतात, हवा घासत जाते, म्हणून छातीत शिट्टी वाजते. घरच्यांच्या मते ती शिट्टी बोडीतल्या बाईची. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं छोटं तळं. त्यात कधीकाळी कोणी बुडाली होती म्हणे, आणि तीच परीच्या अंगात शिरली होती.

मी स्टेथोस्कोप लावला. डावीकडे काही नाही. उजवीकडे काही नाही. बरगड्या जोराने हलत होत्या, आतून मात्र आवाज नव्हता. रिकाम्या घराच्या दाराला कान लावावा तसं.

शिट्टी वाजायलाही थोडी हवा लागते. इथं तेवढीही जात नव्हती.

मी डॉक्टरांना फोन लावला. "सर, दम्याची मुलगी आहे. चेस्ट सायलेंट आहे. ओठ निळे पडताहेत."

"दम्याच्या औषधाचा पंप आहे?"

"आहे."

"देत देत आणा. ऑक्सिजन तयार ठेवतो."

आजी दारात आडवी आली. "कायले नेता? आत्ता तं बरी झाली पोरगी!"

"बरी आहे ना? मग बोलू द्या. परी, नाव काय तुझं?"

परीने तोंड उघडलं. शब्द आला नाही. आजी बाजूला झाली.

लसीकरणाच्या जीपमध्ये मी स्पेसर लावून पंप देत होते. स्पेसर म्हणजे पंपाला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं. आजी शेजारी पुटपुटत होती. "त्या बोडीवालीनं आधी पोट धरलं होतं, सिस्टर. पोरगी पाळण्यात होती तवा. हगवण, थांबली का पुन्हा हगवण. मंग छातीत चढली."

"पाळण्यात असताना कुठलं पाणी दिलं होतं?"

"बोडीचं. आमच्यात लेकरू मामाच्या घरून आलं का रोज जिभेले लावतेत. गावचं पाणी मानवाले पायजे न."

बोडीतल्या बाईचं सोडा, पण रस्ता तोच होता: आधी पोट, मग छाती. तान्हेपणी आतड्यांना जंतुसंसर्ग झाला, तर पुढे दम्याचा धोका वाढू शकतो. प्रत्येकाला दमा होतो असं नाही. परीला त्यामुळेच झाला, असंही मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ते पाणी तिच्या पोटात जायला नको होतं.

केंद्रात ऑक्सिजन लागला, औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर सुरू झाला. बऱ्याच वेळाने परीच्या छातीतून बारीक शिट्टी आली.

"आली!" आजी किंचाळली. "वापस आली ते!"

"येऊ द्या," डॉक्टर म्हणाले आणि पहिल्यांदा खुर्चीत टेकले.

संध्याकाळी मास्कच्या आतून आवाज आला, "परी."

मघाच्या प्रश्नाचं उत्तर होतं ते.

परीचा तान्हा भाऊ मामाकडून यायचा होता.

"त्याले पाणी नाही लावाचं का मंग?" आजीने विचारलं.

"जिभेला नाही. सहा महिने आईचं दूध सोडून काहीच नाही. लावायचंच असेल तर पायाला लावा. गावात चालायचं तर पायांनीच आहे."

हे तिला पटलं.

छातीतली शिट्टी वाईटच. पण ती थांबली आणि मूल बोलेनासं झालं, तर आधी गाडी बोलवा. नारळ नंतरही फुटतो.