पंपाला दिलेले टोले

माझी दोन सीटची, उघड्या टपाची लाल विलायती गाडी माझ्याहून दोन वर्षांनी थोरली आणि माझ्याइतकीच हट्टी. मध्यंतरी तिला एक खोड लागली. आठ-दहा किलोमीटर झोकात पळायची, मग गचके खात रस्त्यातच बसायची. डिकीतला पेट्रोलचा पंप एरवी टिकटिक करतो, तो मुका व्हायचा. मी पान्याने त्याला चार टोले हाणायचो, घाम पुसायचो, आणि थोड्या वेळाने स्वारी पुन्हा बोलू लागायची.

आता उजनीच्या काठावरच्या निम्म्या गावांत मोटारपंप मीच बसवलेले. पंपातलं मला कोण शिकवणार? पंप खराब, असं निदान करून मी मोकळा झालो. नवा टाकला. तेच. विक्रेत्याशी भांडून तिसरा आणला. तरी तेच. मग चहा पिऊन सल्ले देणारे जमले. कुणी पेट्रोलला दोष दिला, कुणी सोलापूरच्या उन्हाला.

बायकोने सल्ला दिला नाही, मुदत दिली. गुरुवारी हिच्यातून मला अक्कलकोटला न्यायचं. घरी दुसऱ्या गाडीला टोचन लावून ओढत आणावी लागली, तर शुक्रवारी भंगारवाला. बाई बोलली की करते.

गुरुवारी वळसंगच्या अलीकडे गाडी बसली. बायको उतरून लिंबाच्या सावलीत उभी राहिली. मी डिकीत डोकं घालून टोले हाणू लागलो. तेवढ्यात पाठीवर फवारणीचा पंप अडकवलेला एक शेतकरी मोटरसायकल थांबवून बघत बसला. मी त्याला सगळी कथा ऐकवली, वर पंपशास्त्रही. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तीन पंप झाले तरी त्येच व्हतंय, मग पंपाला कशाला मारताय?" तो म्हणाला. "टाकीचं झाकन उगडा की."

मी फणकाऱ्याने उघडलं. हुश्श करून टाकीने हवा ओढली आणि पंप टिकटिकायला लागला. त्याने झाकण हातात घेऊन दाखवलं. हवा आत जायला मधोमध बारीक भोक असतं, ते हळद-कुंकवाच्या वाळलेल्या थराखाली पार बुजलेलं. पेट्रोल बाहेर जाईल, पण त्याच्या जागी हवा आत कुठून येणार? त्याच्या फवारणीच्या पंपाचंही कधीकधी असंच होतं म्हणे.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. खंडेनवमीला बायकोने बॉनेटला एक बोट लावलं होतं. एवढ्याने काय होतंय, म्हणून मीच हळद-कुंकू कालवून गाडी पुढून मागून माखली होती आणि झाकणावर तर अंगठा दाबून.

बायकोने बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. भोक मोकळं झालं. मग गाडी अक्कलकोटला गेली, परत निघाली, कुठे गचका म्हणून नाही. अर्धा रस्ता धीर गोळा केला आणि भंगारवाल्याचं काय, असं विचारलं.

"गाडी राहू दे," ती समोर बघत म्हणाली. "तेलाचा डबा फोडताना मी दोन भोकं पाडते. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. तुम्ही मला कधी विचारलंच नाहीत."